माझा कागद कोरा, काकूंच्या कागदावर बारा भोकं

मंडळी, गेले सहा महिने मी या ग्रुपवर एकच भांडण करून राहिलोय: लांबच्या नेमबाजीसाठी रायफल घ्यायची, तर थ्री-फिफ्टीन बोअरची की थर्टी-ओ-सिक्सची?

आज सकाळी रेंजवर दोन मेंबरांनी आपापली रायफल, एकाने थ्री-फिफ्टीन अन् दुसऱ्याने थर्टी-ओ-सिक्स, मला एकेका गोळीपुरती दिली. टार्गेट तीनशे मीटरवर. आधी अर्धा तास मी सगळ्यांना वारा आणि गोळीचा वेग समजावून सांगितला. ऐकणारे एकेक करत चहाला गेले.

पहिली गोळी झाडली. धक्क्याने खांदा सुन्न झाला. दुर्बिणीतून पाहिलं तर माझा कागद कोरा! "ही रायफल बेकार आहे," मी जाहीर केलं. दुसरी रायफल घेतली. कागद तसाच कोरा. "ही पण बेकार."

तेवढ्यात शेजारच्या लेनमध्ये सराव करणाऱ्या सक्करदऱ्याच्या काकू दुर्बिणीत पाहून ओरडल्या, "काहून गा भाऊ, म्या दहाच गोळ्या मारल्या, मंग माह्या टार्गेटवर बारा भोकं कशी? अन् मधली दोन तं माह्या गोळीपेक्षा मोठी हायेत!"

आयुष्यातले माझे सगळ्यात चांगले दोन नेम काकूंच्या कागदावर लागले होते.

"रायफल कोणतीबी घे," काकू म्हणाल्या, "पण आधी आपल्या लेनचा नंबर पाहात जा."

घरी माझा कोरा कागद पाहून बायको खूश. तिने त्यावर किराण्याची यादी लिहून टाकली. "पुढच्या रविवारीबी असाच आणजा!"

असो. दोन्ही रायफली एकदम अचूक निघाल्या. म्हणजे प्रश्न जागच्या जागीच आहे. सांगा ना, कोणती घेऊ?