शिरगणतीत जिवंत सांगितलेली बहीण

"म्हातारीले खाली उतरव. मोटर बाटली तं धुवाले तुहा बाप येईन काय?"

पाटील पुढच्या बाकावर बसून हे मला म्हणाला. म्हातारी म्हणजे माझी माय. तिचा डोळा पिकला होता, वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गावात मोटर येऊ लागून पंधरा दिवस झाले होते. अर्धं गाव बघत उभं होतं.

आणि मी काय केलं? मायचा दंड धरला, तिला खाली ओढली. ड्रायव्हरनं नाही. पाटलानं नाही. मी. वर "चुकलं मालक" असंही म्हणालो.

आम्ही पायी निघालो. वाशीमला पोचायला दोन दिवस लागले. डॉक्टर म्हणाला, उशीर केला. डोळा गेला.

ज्या सडकेवरून आम्ही चाललो, ती माझ्याच खोटेपणानं आली होती. ते मला ठाऊक होतं, आणि मायलाही.

रखमी माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची. पावसाळ्यात हगवणीनं गेली. गावाला तेव्हा वाट नव्हती, नुसता चिखल. मी घरोघर हात जोडले, पण महाराच्या पोरीसाठी कुणी बैलगाडी जुंपली नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात शिरगणती आली. मोजणारा मास्तर महारवाड्यात पाय टाकेना. वेशीजवळच्या लिंबाखाली वही घेऊन उभा राहिला. आमच्या वाड्यात चौथी शिकलेला मी एकटा. तेही शाळेच्या ओट्याखाली बसून. पाटलानं मला बोलावलं.

"तू आतून मोज अन् इथं येऊन वरडून सांग. माणसं जास्त दिसली तं सरकार सडक देते. मेले-गेले बी धरजो."

मला कोण मान वाटला! हातात गेरूचं मडकं, दर चौकटीवर मी आकडा काढत सुटलो. लिंबापासून दहा हातांवर उभं राहून नावं ओरडलो. आमच्या घराची पाळी आली.

"रखमी. वय सात."

मी तिला एक वर्षानं वाढवलीसुद्धा.

माय मागं येऊन उभी होती. हळूच म्हणाली, "बाप्पा, तिले काहून उठवलं रे?"

"सडक होईन, माय. मंग कोणी असं नाही मरणार."

मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

सडक झाली. मुरूम आमच्याच लोकांनी वाहिला, वेठीवर. मायनंही टोपली उचलली. पुढं मोटर आली आणि तिला मी उतरवली. मोजायला आम्ही माणसं होतो, बसायला नव्हतो. एवढं साधं गणित मला मायचा डोळा गेल्यावर कळलं.

दहा वर्षांनी शिरगणती पुन्हा आली. नवा मास्तर, तोच लिंब. पाटलानं हाक मारली. गेरूचं मडकं तयारच होतं.

मी ते हातात घेतलं नाही.

"मास्तर, मोजाचं असन तं आत या. दारात उभे राहा, माणसाचं तोंड पाहा, मंग लिहा."

पाटील उठलाच. "माजला काय बे? उद्यापासून तुमचं बलुतं बंद!"

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण मागं आमचा वाडा उभा होता आणि एका डोळ्यानं माय बघत होती. या वेळी मी "चुकलं मालक" म्हणालो नाही.

मास्तर संध्याकाळपर्यंत लिंबाखाली उभा राहिला. मग आमच्या वाड्याचं पान कोरंच ठेवून निघून गेला. पाटलानं बलुतं खरंच बंद केलं. त्या महिन्यात आमच्या चुली किती दिवस विझलेल्या होत्या, ते मी सांगत बसत नाही.

मास्तर पुन्हा येईल. त्यांना आकडा लागतो. आला की त्याला आमच्या दारापर्यंत यावं लागेल. तिथं मी सगळ्यात आधी रखमीचं नाव घेणार आहे. ती मेली, कशानं मेली, कुणी गाडी दिली नाही, आणि मेल्यावर तिला जिवंत कुणी सांगितलं, हे सगळं त्याला उभ्यानं ऐकावं लागेल. त्यात माझंही नाव असेल. ते मी गाळणार नाही.