डोंगरउतारावरची नाचणी

उपग्रहाच्या चित्रांवरून आमच्या भागाचा पीकनकाशा तयार होत होता. तो बरोबर आहे का, हे शेतात जाऊन तपासायचं काम माझ्याकडे होतं. महाडच्या खोऱ्यातली भातं नकाशाने नीट ओळखली होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाचे डोंगरउतार मात्र सरसकट गवत म्हणून दाखवले होते.

ऑक्टोबरात अशाच एका ठिकाणी चढून गेले, तर समोर नाचणी. कणसं भरलेली, आणि मधे एक काकी पाखरं हाकत उभी. मुलगा मुंबईला, नवरा तीन वर्षांपूर्वी वारलेला. टॅबवर मी तिला तिचं शेत दाखवलं.

"नाचणी लांबून गवतावानीच दिसते गो," ती हसून म्हणाली. मग तिने विचारलं, "जुनं असतं का यात? आमचे हे होते तवाचं?"

चार वर्षांपूर्वीचं चित्र निघालं. त्यात शेत आजच्या दुप्पट होतं, खाली थेट ओढ्यापर्यंत. तिने बोट ठेवलं तसं चित्र सरकलं आणि भलतंच रान आलं.

"हरवलं काय?"

मी ते परत आणलं. या वेळी हात मागे घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"खालचा तुकडा ते करायचे. त्यांच्यामागं मला नाय झेपला."

मला राहवेना. म्हटलं, "काकी, सगळाच उतार नाचणी म्हणून लिहू?"

"नको. पडीक हाय तर पडीकच लिव. वरचं मी केलंय, तेवढं नाचणी लिव."

मग ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही दोन्ही तुकड्यांच्या कडा चालून नोंदवल्या. अशा कितीतरी नोंदी जमल्यावर नकाशा सुधारला. उतारांवर नाचणीचे अरुंद पट्टे दिसू लागले, त्यात तिचाही होता.

मळणीच्या दिवसांत जुन्या चित्राची छापील प्रत घेऊन मी पुन्हा वर गेले. तिने ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "पोराला पाठव. बापानं किती केलं ते कळू दे त्याला."

तिने दिलेल्या नंबरवर मी त्या प्रतीचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. सूप बाजूला ठेवून ती त्याला सांगत बसली, कुठला बांध कुणी घातला, कुठल्या आंब्याखाली भाकरी खायचे. मला खाली उतरायचं होतं, पण मी तिथेच बसून राहिले.