अलिबागच्या किल्ल्यात वन्सं

सूड वाईट असतो म्हणतात. असेल. मला त्या दिवशी लई गोड लागला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा जन्म, खुलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यात. लग्न होऊन गारखेड्यात आले तेव्हा गारखेडा म्हणजे गावच होतं, ज्वारीची रानं पार दारापर्यंत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहायच्या शहरात, छावणी भागात, पण कारभार सगळा आमच्या घरात. वरणात मीठ किती इथपासून मी माहेरी किती दिवस राहायचं इथपर्यंत. नवरा त्यांना अक्का म्हणायचा आणि अक्का म्हणेल ती पूर्व दिशा.

लग्नाला चार वर्षं झाली असतील. वन्संच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते, तेही आमच्याच घरी, कारण आमची बैठक मोठी. पुरणाचा घाट घातला होता. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी माझ्या माहेरचा एक माणूस दारात आला. आईचं काही खरं नाय, लेकीला आत्ताच्या आत्ता धाडा, असा भावाचा निरोप. मी मागं विहिरीवर धुणं धूत होते. वन्संनी त्याला चहा पाजला, "सांगते हो" म्हणाल्या आणि वाटेला लावलं. मला एक अक्षर नाय. मी दोन दिवस पुरण वाटत बसले. तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला, तो आई गेल्याचं सांगायलाच.

पहिल्या माणसाचं मला दहाव्याला कळलं, त्याच्याच तोंडून. मी घरी येऊन विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "कुणी आलं नव्हतं. तुझ्या माहेरची माणसं खोटारडी." नवरा म्हणाला, अक्का खोटं बोलायची नाय. तिकडं भाऊ म्हणाला, "निरोप घरात पोचला होता. तुला पोळ्या सोडवल्या नाहीत." त्या सालापासून त्यानं भाऊबीज बंद केली. मला आणायला येणं बंद, लुगडं बंद, लेकरांच्या जावळालाही मामा आला नाय. आई गेली ती गेली, बाई गं, माहेरही गेलं. आणि ते परत मिळवायचं तर एकच वाट होती. वन्संनी चारचौघांत एकदा कबूल करायचं. त्या कशाला करतील?

पुढं सहा वर्षांनी भावकीतल्या सगळ्यांनी मिळून एसटी ठरवली, कोकण बघायला. किल्ले, समुद्र, काय काय. दशम्या, धपाटे, ठेचा बांधून घेतला. आमच्यातल्या कुणीच समुद्र बघितला नव्हता. वन्संनी पुढची सीट धरली आणि घाट उतरल्यापासून तोंड सुरू. नारळाची झाडं बघितली तर म्हणे, सावली नाय काय नाय, काय कामाची. वाळत घातलेली मासळी दिसली की नाकाला पदर. रेवदंड्याची तटबंदी बघून म्हणाल्या, "आमच्या दौलताबादपुढं हे म्हणजे शेळ्यांचा कोंडवाडा." ते मात्र मलाही पटलं.

अलिबागला पोचलो ते सकाळी. किल्ला समुद्रात, पण ओहोटी होती म्हणून लोक चालतच जात होते. ओल्या वाळूतून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्हीही गेलो. वन्सं खूश. "बघा, पाणी आटलंय. बरं झालं उन्हाळ्यात आलो." कुणालाच काही वावगं वाटलं नाय. आमच्याकडं पाणी आटलं की आटलं. तळं असो, नदी असो, गेलेलं पाणी पुढच्या मिरगापर्यंत तोंड दाखवत नाय. त्याच दिवशी परत येणारं पाणी आमच्यापैकी कुणाच्या बापानं बघितलं होतं?

आत गणपतीचं देऊळ आहे. बाकीचे तासाभरात किल्ला बघून भुकेनं परतले. वन्संना मात्र एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या होत्या. मला म्हणाल्या, थांब इथं, माझ्या चपला सांभाळ. मी चपला घेऊन देवळाच्या दरवाज्यात उभी राहिले. तेवढ्यात एक म्हातारा कोळी घाईघाईनं बाहेर पडत म्हणाला, "बाय, निघा आता. पानी चढतंय. अर्ध्या घटकेत वाट बंद होईल, मग दिवेलागणीपर्यंत आतच."

"काय म्हणतोय गं तो?" वन्संनी तिकडून ओरडून विचारलं.

आता खरं सांगते, त्या घडीला मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं. "काय नाय वन्सं. नारळ पाहिजे का विचारतोय."

"नको म्हणावं."

"नको म्हणाले. मी पुढं होऊन पानं घेते. तुम्ही चालू द्या सावकाश." चपला पायरीवर ठेवल्या आणि निघाले. जाताना पाणी पिंडरीला लागत होतं. त्या बुडाव्यात असं माझ्या मनात नव्हतं. आत पुजाऱ्याचं घर होतं, गोड्या पाण्याची विहीर होती, सगळं बघून घेतलं होतं मी. फक्त त्यांनी वाट बघावी. आपल्याला न्यायला कुणी येईना म्हणजे काय होतं ते एकदा कळावं.

जेवायला बसलो आणि नवऱ्यानं विचारलं, अक्का कुठंय? मान वर केली तर वाळू गायब. नुसतं पाणी, आणि तटावर एक हिरवं लुगडं पदर हलवतंय. नवरा छातीएवढ्या पाण्यात शिरून माघारी आला. वारा सुटला होता, होडी घालायला कोणी तयार होईना. कोळणी हसायला लागल्या, "काय मरत नाय तुमची बाय, ओहोटी लागली की येईल." दुपारी जंजिरा बघायचा होता तो राहिला. ड्रायव्हर चिडला, पोरं रडली. मी दोन धपाटी खाल्ली. ठेचा झकास झाला होता.

पहिले दोन-तीन तास लुगडं तटावर फिरत होतं. मग एका जागी बसलं.

दिवेलागणीला वन्सं गुडघाभर पाण्यातून आल्या, पुजाऱ्याच्या बायकोचा हात धरून. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. सगळे भोवती जमले. तो म्हातारा कोळीही तिथंच होता, आणि त्यानं बोट दाखवलं, "या बायला मी सांगितलं होतं की!"

नवरा माझ्याकडं वळला. पण मी तोंड उघडायच्या आत वन्संच बोलल्या, "तिनं सांगितलं होतं मला. मीच ऐकलं नाय."

बघा काय बाई होती! माझ्यावर उपकार करत नव्हत्या त्या. मी का सांगितलं नाय हा प्रश्न निघाला की गारखेड्याच्या दारात आलेल्या त्या माणसाचा विषय निघणार, हे आठ तासांत त्यांनी बसून ताडलं होतं. मी गप्प राहिले असते तर सुटले असते, आणि त्याही सुटल्या असत्या.

"खोटं," मी म्हणाले. "मी सांगितलं नाय. मुद्दाम. अन् का नाय ते यांनाच विचारा. माझ्या आईचा निरोप घेऊन माणूस आला होता का नव्हता? समुद्राकडं तोंड करून सांगा."

नवऱ्यानं हात उगारला, मग तसाच खाली घेतला, कारण अक्का खाली वाळूत बसली होती. "व्हय," त्या म्हणाल्या. "आला होता. तू निघून गेलीस तर सोयरीक मोडेल म्हणून भ्याले मी."

परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाय. वन्सं तर मरेपर्यंत बोलल्या नायत, माझं काही अडलं नाय. पण नवरा घरी पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी एसटीनं माझ्या भावाकडं गेला आणि सगळं सांगून आला. त्या दिवाळीला भाऊ आला. ओवाळलं त्याला. दोघांचं रडून झालं, मग मी विचारलं, आई शेवटी काय म्हणाली.

"काय म्हणणार," तो म्हणाला. "वाचा गेली होती. दोन दिवस, दोन रात्री दाराकडं बघत होती. कूस बदलायला गेलो तर हात झटकायची, तिकडून दार दिसायचं नाय म्हणून."

वन्सं जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाला माफ करावं, असं लेकी मला सांगतात. मी ऐकून घेते. आठ तास लई कमी झाले.