देवळाची टिनं

आमच्या गावात जातपात न बघता काम करणारं मी एकच पाहिलं, वैशाखातलं वावधन. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भर दुपारी धुळीचा गरगरता खांब गावात शिरला. त्यानं देवळाच्या सभामंडपाची टिनं उचकटली, आमच्या बौद्धवाड्यातल्या घरांवरचं गवत उडवलं आणि ती टिनं आमच्याच अंगणात टाकून तो पुढं निघून गेला.

आमच्या घराच्या चार भिंती तेवढ्या उरल्या. माय बारा दिवसांची बाळंतीण. बाबांनी लिंबाखाली बाज टाकून तिला आणि तान्ह्या भावाला तिथं ठेवलं. मिरग तोंडावर आला होता आणि छपरासाठी गवत साऱ्या शिवारात मिळत नव्हतं.

गावापुढं मात्र याहून मोठं संकट होतं. टिनं बाटली होती. पारावर तीन दिवस बैठक चालली आणि गोमूत्र शिंपडलं की लोखंड शुद्ध होतं, असा शोध लागला. पण शिंपडायच्या आधी ती उचलायची कुणी? उचलणारा बाटणार. शेवटी आम्हाला सांगावा आला, की टिनं तुम्ही वेशीपाशी आणून ठेवा, पुढचं आम्ही बघतो.

मेलेली ढोरं ओढायची, गावाचे निरोप पोचवायचे, ही गावकी बाबांनी धर्मांतराच्या वर्षीच सोडली होती. ते सांगावा आणणाऱ्याला म्हणाले, "तुमचे टिनं हायेत. तुमी या, उचला न घेऊन जा. मी कायले आडवू? पण मी नाही उचलत."

कुणी आलं नाही. आभाळ भरून आलं त्या दिवशी बाबांनी टिनं उचललीच, पण आमच्या भिंतींवर चढवली.

तेव्हा कुठं सरपंचाला चोरी दिसली. मालेगावहून जमादार आला. तो बाहेरगावचा, आमच्या गावाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं, आत चला, टिनं ओळखा आणि उतरवून न्या. सरपंच आमच्या दारापासून वीस पावलांवर थबकला. मग म्हणाला, "राहू द्या साहेब. गावानं देल्ले त्याईले. दान हाय ते."

वावधन घटकाभरात गेलं, हे दान मात्र पुढं कितीतरी वर्षं चाललं. निवडणूक असो की झेंडावंदन, सरपंचाच्या भाषणात आमचं छप्पर असायचंच. एका पंधरा ऑगस्टला तर त्यानं मायला गावाचे आभार मानायला शाळेच्या ओट्यावर बोलावलं. बाबा मान खाली घालून बसले. माय उठली.

धर्मांतरानंतर कुणाच्या पाया पडताना मी तिला पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती ओट्यावर चढली, पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं करून थेट सरपंचाच्या पायांकडं वाकली. तो मागं सरकला. ती पुढं सरकली. तो आणखी मागं सरकला आणि ओट्यावरून खाली चिखलात बसला.

वरून माय शांतपणे म्हणाली, "दान देल्लं न भाऊ, मंग पाय काहून ओढून राह्यले?"

त्यानंतर त्या दानाचं नाव गावात कुणी काढलं नाही.