चाचांचा बारा फुटी रॉड

जुन्नर आणि आंबेगाव असे दोन्ही तालुके धुंडाळले, तरी कोणाच्या हाताला मासे धरायचा किती फुटी रॉड बसेल हे बिनचूक सांगणारा एकच माणूस सापडेल, आणि तो म्हणजे जुन्नरच्या बाजारपेठेतले आमचे टेलर चाचा. शिवणकाम त्यांचं पोटापाण्यासाठी. जीव सगळा धरणाच्या काठावर, गळाला लागलेला. निमगाव सावाहून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो भावाच्या लग्नासाठी पँट शिवायला. चाचांनी कमर मोजली, मग न विचारता खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली आणि म्हणाले, "तुमाला नऊ फुटी रॉड." मी आयुष्यात मासा धरला नव्हता. लग्नात ती पँट घोट्याच्या वर नाचत होती, पण पुढे घेतलेला नऊ फुटी रॉड मात्र हाताला असा बसला की विचारू नका.

नुसता माणूस मोजून त्यांचं भागत नाही, काठही बघावा लागतो. मढच्या बाजूला धरणाचा काठ उघडा नि उथळ, गळ लांब खोल पाण्यात पडायला हवा, म्हणून तिथे लांब रॉड. शिनोलीच्या पुढे डिंभे धरणाच्या काठावर झाडी, तिथे आखूड. तिथेच एकदा पुण्याचे एक साहेब तेरा फुटी चकचकीत रॉड घेऊन आले. चाचांनी समजावलं, साहेबांनी ऐकलं नाही, झोकात रॉड मागे नेला आणि गळ बाभळीत अडकवला. "पावणं, मासं पाण्यात असत्यात, झाडावर न्हाई," एवढंच बोलून चाचा स्वतः बाभळीवर चढले. गळ सोडवून दिला आणि खाली उतरल्यावर साहेबांचं माप घेतलं.

स्वतः चाचा बारा फुटीवाले. बांबू निवडून, तासून, तेल पाजून त्यांनीच केलेला रॉड. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला, हात कानाच्या वर जाईना, आणि त्यांचं पाण्यावर जाणंच थांबलं. विचारलं की म्हणायचे, "पाणी गढूळ हाय, राव." हे भर उन्हाळ्यात! शेवटी चाचींनीच मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, यांना न्या कुटंतरी. दिवसभर माझं लाटणं मोजत बसत्यात."

मी त्यांना मढला नेलं. चाचांनी बारा फुटी उचलला, फेकला. गळ त्यांच्याच पायाशी पडला. तीनदा तसंच झालं. मला फार वाईट वाटलं, बघवेना. मग त्यांनी खिशातली टेप माझ्या हातात दिली.

"घ्या माप."

हात वर जाईल तिथवर मी मोजलं.

"किती?"

"नऊ."

"भाऊ, गिऱ्हाइकाला खोटं माप सांगू नये."

"सात," मी म्हणालो.

चाचांनी टेप परत घेऊन खिशात टाकली. मग म्हणाले, "सातवाल्यानं हितं बसून काय उपेग न्हाई. तिकडं चला, तितं कडंलाच खोल हाय." माझ्या गाडीत एक सात फुटी पडून होता, तो घेऊन ते पुढे चालायलाही लागले. तासाभरात चार चिलापी मासे! चाचा इतके खूश, की परतताना चहाच्या टपरीवाल्याचंसुद्धा माप झालं.

बारा फुटी त्यांनी मला देऊन टाकला. "वापरा, नुसता ठिवू नका," म्हणाले. मला तो पेलत नाही. ओसरीत आडवा पडून आहे. भेटले की चाचा हमखास विचारतात, "चालतोय ना?"

"झकास," मी म्हणतो.

मी खोटं बोलतोय हे त्यांना कळतं. तरी ते समाधानाने मान डोलावतात, आणि आम्ही दोघंही घाईघाईने दुसऱ्याच कशावर तरी बोलायला लागतो.