कवडीला घेऊन कामतघरला

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. हजर: मी, भिवंडीच्या कामतघरची लावण्या, इयत्ता पाचवी, तिची आई, वडील श्रीनिवास, जवळच्याच अंजूरची माझी डी.एड.ची मैत्रीण कुंदा. गैरहजर: माझी थोरली बहीण, ताई. ती गेल्या पावसाळ्यात वारली. खरं तर हे काम तिचं होतं.

आपल्या सांगलीच्या वाचनालयातल्या मुलांना कवडी पाठ आहे. मोठ्यांसाठी थोडक्यात सांगते. कवडी ही ताईने रचलेली नऊ वर्षांची मुलगी. तळ्यात वाकून बघताना तोल जाऊन ती स्वतःच्याच प्रतिबिंबात पडते आणि उलटपुरात पोचते. तिथली छपरं खाली असतात, नद्या डोंगर चढतात, आणि आपल्या घराची एक तरी आठवण रोज मोठ्याने सांगितली नाही तर घर मनातून कायमचं पुसलं जातं. तीन पुस्तकं झाली, तरी कवडी अजून उलटपुरातच आहे. ती घरी परतते ते चौथं पुस्तक ताईच्या वहीतच राहिलं.

ताई गेल्यावर तिच्या नावाने लावण्याचं पत्र आलं. ‘आम्ही फेब्रुवारीत भिवंडी सोडून जाणार आहोत. त्याच्या आत सांगा, कवडी घरी पोचली का.’ उत्तर पोस्टाने धाडता आलं असतं. पण ताईच्या अक्षरातलं शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणाला वाचून दाखवण्याआधी या मुलीला दाखवावं, असं मनाने घेतलं. वही प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि सांगलीहून निघाले.

सकाळी कल्याणला उतरून भिवंडीची एसटी धरली. धामणकर नाक्यावर उतरले तेव्हा ट्रक, टेम्पो आणि शेअर रिक्षा यांच्यामधून वाट काढणंच मुश्कील झालं. पाठीवर कापडाचे तागे घेतलेले हमाल मात्र त्यातून सहज चालले होते. इथे माझी एक फजिती झाली. पत्रावरचा पत्ता मी माझ्या प्रवासाच्या यादीत ‘कामत यांचे घर’ असा उतरवून घेतला होता. कुणा कामतांकडे हे कुटुंब भाड्याने राहत असेल, असा माझा समज. मी रिक्षावाल्याला कामतांचं घर विचारलं. त्याने शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं, त्याने पानवाल्याला.

“कौन कामत?” पानवाला म्हणाला. “मॅडम, कामतघर एरिया का नाम है. किसी का घर नहीं.”

तिघेही मनापासून हसले. मी यादीत दुरुस्ती केली.

कामतघरच्या तळ्यामागे दुमजली चाळी आहेत. खाली माग, वर माणसं. मागाला इथे सगळे लूमच म्हणतात. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट येतो. तो पायांना आधी कळतो, कानांना नंतर. लावण्याच्या चाळीखालचा गाळा तेवढा गप्प होता. आत लूम नव्हते. फरशीत खिळ्यांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन राहिले होते.

लावण्या जिन्यातच उभी होती. दोन घट्ट वेण्या, हातात कवडीचा तिसरा भाग. ताई नाही हे मी तिला पत्राने कळवलं होतं. तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “मावशी, वही आणली ना?”

खोली लहान पण नीटनेटकी. अर्धं सामान गोण्यांत भरलेलं. तिच्या आईने पुलिहोरा (चिंचेचा भात) वाढला आणि ती भरलेल्या गोण्यांची तोंडं शिवायला बसली. वडील श्रीनिवास दाराशी बसून ऐकत होते. त्यांच्या वडिलांनी तेलंगणातून येऊन इथे लूम चालवले, मग यांनी चालवले. आता शेठने गाळा रिकामा केला, लूम किलोवर भंगारात गेले. बुधवारी हे लोक ऊरुला (गावाला) निघणार. लावण्या तिथे आजवर दोनदाच गेली आहे, लग्नांना.

मी वाचायला सुरुवात केली. मला वाचता येईल की नाही ही धास्ती होती, पण आलं. कवडी तळ्याच्या तळाशी असलेल्या दारातून बाहेर येते, दार तिच्यामागे कायमचं मिटतं, ती ओल्या पायांनी अंगणात उभी राहते. शेवटचं वाक्य असं: ‘चहूकडे शांतता होती, आणि कवडीला कळलं, आपण घरी आलो.’

लावण्याने हातातला तिसरा भाग मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “शांतता? मग तिथले लूम बंद पडले असतील.”

मी म्हटलं, अगं, कवडीच्या गावात लूम नसतात.

“मग तिला कसं कळलं घर आहे ते? आमच्या खालचे लूम नेले, त्या रात्री मला झोपच नाही आली. आजीपण उठून बसलेली.” ती वडिलांकडे न बघता बोलत होती. “पप्पा म्हणतात, घरी चाललो. मी म्हटलं, घरातून घरी कसं जाणार?”

श्रीनिवास ओशाळं हसले. “दिवसभर हेच चालू आहे, मॅडम.”

तिची समजूत घालायला मी घाईने म्हणाले की बघ, कवडीसुद्धा शेवटी घरी जातेच की.

“तिला जायचं होतं,” लावण्या म्हणाली.

 तिने वही मागून घेतली आणि दार मिटतं ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग खालच्या आवाजात विचारलं, “हे दार परत उघडतं का? तेवढंच सांगा.”

मी म्हणाले, उद्या सांगते.

मुक्काम अंजूरला, कुंदाकडे. रिक्षा खाडीच्या बाजूने जाते. दुतर्फा गोदामं, मध्येच एखादा भातशेताचा चौकोनी तुकडा. कुंदाने मला दारातच गाठलं. “आली गो बाय. ती यादी ठेव पिशवीन आन पयलं जेव.” तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचं) कालवण होतं. जेवताना मी लावण्याचं सांगितलं. कुंदा ऐकत राहिली. मग खिडकीतून समोरच्या गोदामाकडे बोट करून म्हणाली, “तो तिसरा शटर हाय ना, तिथं आमचा खळा व्हता. मी अजून तिकडं बघूनच पाऊस किती झाला ते सांगतंय. पोरीला काय सांगनार, आठवन काढू नको?”

मग तिने विचारलं, ताईने शांतताच का लिहिली. याचा मी आजवर विचार केला नव्हता. ते प्रकरण ताईने रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात लिहिलं. रात्रंदिवस ट्रॉल्यांची खडखड, घंटा, रडणं. “जरा शांत असतं तर,” एवढंच ती म्हणायची. शेवटचं वाक्य कवडीचं नव्हतंच. घरी जायची ओढ ताईला लागली होती, आणि ती पोचली नाही.

रविवारी सकाळी पुन्हा कामतघरला गेले. लावण्याला मी खरं ते सांगितलं: दाराचं ताईने काही लिहून ठेवलेलं नाही, शांतता ताईला हवी होती. 

“मग ते खोडू नका,” ती म्हणाली. “त्यांना पाहिजे होतं ना. पण माझ्या प्रतीत दार उघडं ठेवा. आणि आवाज लिहा.”

कुठला आवाज, असं विचारलं तर म्हणाली, तुम्ही लिहिणार ना, तुम्ही ऐका. मला गॅलरीत उभं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. पलीकडच्या चाळीतले लूम चालू होते. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. निघताना श्रीनिवासांनी ऊरुचा पत्ता तेलुगूत लिहून दिला. त्याच कागदावर खाली लावण्याने तो देवनागरीत उतरवला.

सोमवारी सांगलीला पोचले. मुलांनो, तुम्ही विचारणार, म्हणून आत्ताच सांगते: चौथा भाग छापायला जाईल तेव्हा ताईचं वाक्य जसंच्या तसं जाईल. मला त्याला हात लावायचा अधिकार नाही, आणि तुमच्यातल्या कित्येकांना ते पटेलही. घरं एका तऱ्हेची नसतात, एवढंच मी या प्रवासात शिकले, आणि पन्नाशी उलटल्यावर शिकले याचं वाईट वाटतं.

लावण्यासाठी मी ते प्रकरण माझ्या हाताने कोऱ्या कागदांवर उतरवायला घेतलं आहे. बुधवार होऊन गेला. पाकिटावर नवा पत्ता लिहिला, तिकिटं लावली. कवडी दारातून बाहेर येते इथपर्यंत कागद भरले आहेत. त्यापुढचं एक पान कोरं आहे. रोज संध्याकाळी मी ते समोर घेते, ‘चहूकडे’ एवढं पेन्सिलने लिहिते, थांबते आणि पुसून टाकते.