दाजींची धास्ती

जगातली निम्मी संकटं दोन धातू एकमेकांना टेकल्यामुळे येतात आणि उरलेली निम्मी, ते टेकलेत हे कुणी वेळेवर न पाहिल्यामुळे, असं ठामपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आमचे दाजी. भोकरजवळच्या शेतकरी घरातला हा माणूस धातुशास्त्र शिकला, दक्षिणेतल्या एका अणुसंशोधन केंद्रात त्याने सारी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन नांदेडला आला तो तिथली काळजी सोबत घेऊनच. अणुभट्टीत धातूच्या इंधनाची सळई पोलादाच्या बारीक नळीत बंद असते. त्या दोघांचं आतल्या आत काय चाललंय ते बघणं, हे दाजींचं काम. "सुरुवातीला दोघांत अंतर असतं," ते सांगत. "मग सळई जळता जळता फुगती, नळीला टेकती. टेकली की युरेनियम तिकडं सरकतं, लोखंड इकडं. मधी असा थर होतो, की तो दोघांच्याही आधी वितळतो. वरून नळी कशी चकाचक! आतून पोखरून निघालेली." हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली येई, की शेजारच्या घरातली भानगड सांगताहेत असं वाटावं.

अक्काच्या स्वयंपाकघरात लोणच्याला स्टीलच्या डब्याची बंदी होती. मीटरपाशी तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार पिळलेली दिसली, म्हणून त्यांनी एकदा अनोळखी माणसाच्या घराची बेल वाजवली होती. माझ्या साखरपुड्यात आचाऱ्याने चिंचेच्या साराच्या काठोकाठ भरलेल्या स्टीलच्या पातेल्यावर चंदेरी कागद घट्ट लावला, तेव्हापासून दाजींचं जेवणावरचं लक्षच उडालं. संध्याकाळी तो कागद उजेडाकडे धरून त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना त्यातली बारीक भोकं दाखवली. "पाहा! स्टील, ॲल्युमिनियम न् मधी आंबट! एका दुपारात!" सासऱ्यांनी नंतर मला बाजूला घेऊन, हे तुमच्या रक्ताचे का, अशी हळूच चौकशी केली.

मागच्या वर्षी दोघं लातूरला आमच्याकडे आली असताना अक्काच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिनीत अडथळा आहे, स्टेंट टाकावा लागेल. धातूची बारीक जाळी, कायमची आत राहणारी.

दाजींचा चेहरा उतरला. "कोणता धातू?"

"कोबाल्ट-क्रोमियम."

"न् तो भिंतीला टेकून राहणार?"

"त्यासाठीच तर टाकायचा, काका."

"मधी काही अस्तर?"

"दाजी, अहो हो म्हणा ना!" मी ओरडलोच. खाटेवरून अक्का क्षीण आवाजात म्हणाली, "विचारू दे रे त्यांना. विचारल्याबिगर धीर न्हाई यायचा."

डॉक्टर थांबले. जाळीवर औषधाचा पातळ थर असतो, तो काही महिन्यांत झिरपून संपतो, असं त्यांनी सांगितलं.

"मग पुढं?"

"तोवर शरीर तिच्यावर स्वतःचं अस्तर धरतं."

"स्वतःचं?" दाजी म्हणाले. "आमच्या नळीला हे कधी जमलं न्हाई. टाका."

अक्काला आत नेल्यावर ते बाकावर बसले. चपला काढत, पुन्हा घालत. "बंद नळीत काय बिघडून राहिलंय, ते मी बाहेरून ओळखत आलो," ते म्हणाले. "ही रोज माझ्याशेजारी बसून जेवायची. जिना चढताना थांबायची. मला वाटलं, वय झालं." दार उघडून डॉक्टर हसत बाहेर आले, तेव्हा दाजी एकाच पायात चप्पल घालून उठले.

अक्का आता बरी आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नळवाल्याने तांब्याच्या पाइपाला लोखंडी पाइप जोडला. मी मुद्दाम दाजींना फोन लावला, मनात म्हटलं, आता तासभर सुटका नाही.

"चालंल की," ते म्हणाले. "बघ तुझ्या मनानं. आज अक्का अर्धी भाकर कमी जेवली रे. आत्ता जरा पडलीय. ठेवू का?"

फोन ठेवला, आणि मी किती तरी वेळ त्या सांध्याकडे बघत उभा राहिलो.